उन्हाले शिव्या नाई द्याच्या

"काय मेलं ऊन आहे हे!"

पाण्याच्या कूलरपाशी तोंडावरचा दुपट्टा सोडता सोडता राऊत मॅडम एवढंच पुटपुटल्या. त्या मला म्हणाल्या नव्हत्या, कोणालाच म्हणाल्या नव्हत्या. मार्चनंतर वर्ध्यात माणसं नमस्काराच्या जागी हेच वाक्य वापरतात. पण समोरचं दार धाडकन उघडलं आणि एक उंच, वाळका माणूस बाहेर आला. अंगात भोकं पडलेला पांढरा कोट, हातात चिमट्यात धरलेली एक ओली काच.

"कोणाले शिव्या देऊन राह्यल्या, मॅडम?"

"उन्हाला, सर. दुसरं कोणाला देणार?"

"उन्हाले शिव्या नाई द्याच्या. ऊन आपलं काम करून राह्यलं. द्याच्याच असन तर मले द्या."

आणि दार बंद. त्या दारातून जो वास बाहेर आला, त्याने मी दोन पावलं मागे सरकले. राऊत मॅडमनी दुपट्टा पुन्हा नाकावर घेतला आणि म्हणाल्या, "हे आपले गुल्हाने सर. सवय होते. वासाची होते, त्यांची नाही होत."

भौतिकशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागून मला आठवडाही झाला नव्हता. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. थोडक्यात, शिकवताना तुम्ही असता, एरवी नसता. मला ते जमण्यासारखं होतं. शाळेत मराठी बोललं की दंड आणि घरी इंग्रजी बोललं की टोमणे, अशा दोन्हींच्या मधोमध मी गप्प राहायला शिकले होते. स्टाफरूममध्ये मात्र गप्प बसणाऱ्या बाईला लोक गर्विष्ठ म्हणतात. म्हणून दोन तासांच्या मधला वेळ मी त्या वासाच्या खोलीत काढू लागले. तिथे कोणी येत नसे.

सर मला पहिल्या दिवसापासून 'कॉन्व्हेंट' म्हणत. आमच्याकडे इंग्रजी शाळेला सरसकट कॉन्व्हेंटच म्हणतात, तिथे नन असो की नसो.

"काय कॉन्व्हेंट, आजबी बोलाचं नाई ठरवलं का? बरं हाय. हा पदार्थबी तुह्यावानीच आहे."

हा पदार्थ म्हणजे त्यांचा सेमीकंडक्टर. बाजारात मिळणारी सौर पॅनलं सिलिकॉनची असतात. सरांना सिलिकॉनचा राग होता. "सिलिकॉन म्हणजे सरकारी जावई," ते म्हणत. "सगळा मान त्यालेच." त्यांना चार साध्या गोष्टी एकत्र करून तसाच पदार्थ बनवायचा होता: तांबं, जस्त, कथील आणि गंधक. त्याचा केसाहूनही पातळ थर काचेवर चढवायचा आणि त्यावर ऊन पडलं की वीज निघाली पाहिजे. जगात पुष्कळ जण हे करत आहेत, मोठमोठ्या यंत्रांनी. सर ते चार चंचुपात्रांनी करत होते.

"धड तांब्यावानी सरळ नाई, धड काचेवानी अडेल नाई," ते मला समजावत. मला ते पुस्तकातून माहीत होतं, पण असं नाही. "अर्ध्या मनाचा आहे बिचारा. अंधारात तोंड उघडत नाई. ऊन पडलं की मंग बोलते."

तांबं, जस्त आणि कथील त्यांच्या रक्तातच होतं. त्यांच्या वडिलांचं सिंदी रेल्वे या गावात भांड्यांचं दुकान होतं. तांब्याचे हंडे, पितळेची पातेली, मागच्या अंगणात कल्हईची भट्टी. मुलाने गल्ल्यावर बसावं अशी त्यांची इच्छा होती. मुलगा शिकायला म्हणून पळाला. "गंधक तेवढं मी नवीन आणलं," सर म्हणायचे. "भांड्याले भिऊन घरून पळालो, आन् जिंदगीभर भांडेच घासून राह्यलो." हे म्हणताना ते खरोखरच बेसिनपाशी उभे राहून चंचुपात्र घासत असायचे. दुसऱ्या कोणाला ते घासू देत नसत.

त्या गंधकाने कॉलेजात बरंच काही घडवलं होतं. एका प्राचार्यांनी म्हणे कँटीनवाल्याला नासकी अंडी वापरतो म्हणून सगळ्यांसमोर झापलं होतं. कँटीनमध्ये अंडी कधीच मिळत नव्हती. कँटीनवाल्याने खालमानेने ऐकून घेतलं आणि तेव्हापासून सरांच्या चहात साखर घालणं बंद केलं. सरांनी वर्षानुवर्षं तो चहा तसाच प्यायला. आपल्याला मधुमेह झाला असं कोणीतरी त्याला सांगितलं असेल, अशी त्यांची समजूत होती.

काच बुडवण्याची त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. टेबलावर चार पात्रं ओळीने मांडलेली असत: धातूंचं पाणी, साधं पाणी, गंधकाचं पाणी, पुन्हा साधं पाणी. काच चिमट्यात धरायची, पहिल्यात बुडवायची, थांबायचं, काढायची, धुवायची, तिसऱ्यात बुडवायची. असं करत राहायचं. एकेका फेरीने थर एवढासा वाढतो. शिकलेला कोणताही माणूस इथे घड्याळ लावेल. मीही मोबाईल काढला होता.

"ठेव ते. घड्याळाकडं पाह्यलं की हात हालतो."

"मग किती वेळ बुडवायची, सर?"

"सिंदीले बुडवाची, वर्ध्याले काढाची."

मला कळेना. मग त्यांनी काच बुडवली आणि डोळे मिटून, पॅसेंजर गाडीच्या चालीवर म्हणाले, "सिंदी... तुळजापूर... सेलू रोड... वरुड... सेवाग्राम... वर्धा." आणि काच बाहेर काढली. कॉलेजात असताना ते रोज याच गाडीने आले होते. स्टेशनांमधलं अंतर त्यांच्या अंगात मुरलं होतं. पुढे मीही तसंच म्हणू लागले, अर्थात मनात. मला सांगायला संकोच वाटतो, पण माझं ते पाठांतर घड्याळापेक्षा अचूक निघालं. एकदा चोरून ताडून पाहिलं होतं.

आमचे विभागप्रमुख बोरकर सर. तेही सिंदीचेच, आणि गुल्हाने सरांचे पहिले विद्यार्थी, ही गोष्ट मला राऊत मॅडमनी सांगितली. बोरकर सरांकडे बघून ती ओळखता आली नसती. ते आता पुण्याची मराठी बोलतात आणि शोधनिबंध लिहितात. प्रयोग इथे व्हायचे, निबंध तिकडे व्हायचे. त्यातल्या काहींवर गुल्हाने सरांचं नाव शेवटी असे, काहींवर जागा पुरली नसावी. सर त्यांना "बोरकर साहेब, तुमी" म्हणत. साहेब त्यांना 'सर' म्हणत, पण अशा घाईत, की ते नमस्कार करताहेत की वाट मागताहेत ते कळू नये.

कॉलेजच्या गच्चीवर सौर पॅनलं बसली त्या कार्यक्रमात बोरकर सरांनी 'सूर्य आणि संशोधन' या विषयावर भाषण केलं. गुल्हाने सर तिसऱ्या रांगेत बसले होते. व्यासपीठावर शामियाना होता, पंखे होते. पाहुण्यांनी भाषणाची सुरुवातच "आज ऊन जरा जास्तच आहे" अशी केली. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. हार सुकले, फोटो छापून आले आणि त्या पॅनलांकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही. सडकेची धूळ आणि कबुतरांची घाण यांनी ती राखाडी झाली. मग एका दुपारी मी सरांना बादली आणि फडकं घेऊन गच्चीचा जिना चढताना पाहिलं.

"सर, ते तर सिलिकॉन आहे."

"जावई असला तरी आंघोळ तं घालाच लागन ना! घरात दुसरं कोणी करून नाई राह्यलं."

पुढच्या एप्रिलअखेर सर निवृत्त होणार होते. सगळ्यांना हे माहीत होतं, सरांना सोडून. म्हणजे तारीख त्यांना माहीत होती, अर्थ माहीत नव्हता. त्यांची समजूत अशी, की पगार थांबतो, काम थांबत नाही. त्यांनी बोरकर सरांकडे एकच गोष्ट मागितली: खोली नको, पात्रं नको, पश्चिमेच्या खिडकीखालचं एक टेबल तेवढं राहू द्या. मी रोज येत जाईन.

बोरकर सर 'नाही' कधीच म्हणत नाहीत. ते म्हणाले, "बघू या, सर. फेब्रुवारीत पाहणी समिती येतेय. तेव्हा काहीतरी चालतं असं दाखवा. मग मला प्राचार्यांशी बोलता येईल."

त्या खोलीत स्पर्धा परीक्षा केंद्र करायचं ठरलेलं आहे, हे मला तेव्हाच माहीत होतं. तिथल्या खुर्च्यांचे नमुने स्टाफरूममध्ये येऊन गेले होते. सरांना कोणी सांगितलं नाही.

दाखवायचं ते अगदी साधं होतं. एका पात्रात द्रावण, त्यात एका बाजूला पेन्सिलीतल्या शिशासारखी काळी कांडी, दुसऱ्या बाजूला आमचा थर चढवलेली काच. दोघांना तारा आणि मध्ये सुईचं मीटर. खिडकीतून ऊन पडलं की सुई हलायची. उन्हाच्या जागी दिवा लावून दाखवू या, असं मी सुचवलं. सर केवढ्याने हसले. "दिवा लावून सुई हालवणं म्हंजे मयतीले रडाले भाड्यानं बाया आणणं. ऊनच पाहिजे."

ही काच साधी नसते. तिच्या एकाच बाजूवर वीज वाहून नेणारा लेप असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. बुडवताना थर दोन्ही बाजूंना चढतो. नंतर लेप नसलेल्या बाजूचा थर कापसाच्या बोळ्याने पुसून टाकायचा असतो. म्हणून सुरुवातीलाच कोणती बाजू कोणती ते ओळखून लेप नसलेल्या बाजूच्या कोपऱ्यात खूण करावी लागते. दुसऱ्या एका मीटरची दोन टोकं टेकवली की लेपाची बाजू टूं असा आवाज करते. सर मीटर वापरत नसत. काचेवरून बोट आणि नख फिरवायचे, लेपाची बाजू किंचित खरखरीत लागते. आयुष्यात ते एकदाही चुकले नव्हते, असं ते म्हणायचे, आणि ते खरं होतं.

मी मीटर पुढे केलं.

"ते काऊन? बोटं हायेत ना माह्यी."

त्यांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, कोपऱ्यात खूण केली. आठवडाभर, तास संपला की मी येऊन बुडवत होते आणि ते शेजारी स्टुलावर बसून बघत. एवढा एकसारखा थर त्या खोलीत कधी झाला नव्हता. करपायच्या जरा आधी तव्यावरून उतरवलेल्या भाकरीचा रंग. "हात थंडा आहे तुहा," ते म्हणाले. मला आजवर मिळालेल्या सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा ते मोठं होतं. मग त्यांनी बोळा घेतला आणि खुणेची बाजू स्वच्छ पुसून काढली.

समितीतले तीन जण जेवून आले होते. हातात गोरसपाक बिस्किटांचे पुडे होते.

"याने पंखा चालेल का?" एकाने विचारलं.

"पंखा नाई चालणार. सुई हालन."

"फक्त सुई?"

"पाळण्यातलं लेकरू पयले बोटच हालवते, साहेब."

सरांनी खिडकी उघडली. ऊन पडलं, नेमकं काचेवर. आम्ही सगळे सुईकडे बघू लागलो. सुई हलली नाही. सरांनी पात्र सरकवलं, चिमटा घट्ट केला, तारा दाबल्या. ऊन होतं तसंच होतं, एकदम सरळ, पुरेपूर. सुई हलली नाही.

"मीटर बिघडलं असेल," बोरकर सर हसून म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी सरांना शिवी दिली असती तरी चाललं असतं. "या, आपण योगकक्ष पाहू." समिती गेली. योगकक्षात चटया होत्या, आणि चटई दाखवताना काही हलावं लागत नाही.

सगळे गेल्यावर सरांनी काच बाहेर काढून पुसली. मग हात पुढे केला. मी मीटर दिलं. त्यांनी टोकं टेकवली, थर होता त्याच्या कडेला. आवाज नाही. काच उलटवली. जी बाजू आम्ही स्वच्छ पुसली होती, तीच टूं करून ओरडली.

"नवरदेव पुसून काढला," सर म्हणाले, "आन् हळद वऱ्हाड्याच्या अंगाले ठेवली."

त्यांना हसायचं होतं. ते आपल्या बोटांकडे बघत राहिले. आम्लाने सोललेली, पिवळट पडलेली, टोकांना गुळगुळीत झालेली बोटं. त्यांनी ती कोटावर घासली, काचेच्या दोन्ही बाजूंवरून पुन्हा फिरवली, डोळे मिटून, सावकाश. फरक त्यांना लागत नव्हता. बहुधा कधीपासूनच लागत नसावा.

"बोटं माह्या आधीच रिटायर झाली वाट्टे."

मग त्यांनी ती काच खिडकीच्या कठड्यावर ठेवली, ओळीच्या शेवटी. त्या ओळीकडे मी वर्षभर बघत होते. थर चढवलेल्या, बिघडलेल्या काचा भिंतीला टेकून उभ्या असायच्या. दुपारी त्यांच्यातून तपकिरी, पिवळा, कुठे जांभळट उजेड टेबलावर पडायचा. मला वाटायचं, टाकून द्यायचा कंटाळा.

"हे थराचे पट्टे दिसते ना तुले? हात जिथं थांबला, तिथं रेघ पडते. ही वैशालीची. घाई लई होती तिले, पाय कदी जमिनीवर नाई. हा दिनेश. मधीच याच्या बापाचा फोन आलता. पाह्य, इथं." एकेका काचेला ते बोट न लावता दाखवत होते. त्यांच्याकडे शिकून गेलेल्या प्रत्येकाची एक एक बिघडलेली काच. चांगल्या निघालेल्या काचा विद्यार्थी घेऊन गेले होते, निबंधांसाठी. कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला. दिनेश म्हणे नागपुरात सौर पॅनलं विकतो, सिलिकॉनची.

"फोन येतो का त्यांचा?" मी विचारलं. मी सहसा विचारत नाही.

"काच आहे ना इथं," ते म्हणाले. मग ओळीच्या सुरुवातीला जाऊन म्हणाले, "ही पयली. बोरकर. सगळी थरथर आहे तिच्यात. पोट्टं सकाळच्या पॅसेंजरनं उपाशी याचं. मंग मी डबा दोघांचा आणाले लागलो. तं दुसऱ्या काचेपासून हाताची थरथर थांबली त्याची."

त्यांच्या डब्यात अजूनही दोघांचं असायचं. वर्षभर तो डबा मी खाल्ला होता. मला वाटायचं, त्यांना अंदाज येत नाही.

टेबलाबद्दल नंतर कोणी काही बोललं नाही. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, आणि बोरकर सरांचं भाषण, त्यात 'ऋषितुल्य' हा शब्द होता. समारंभ संपायच्या आतच खोलीपाशी खुर्च्या येऊन पडल्या. मी गेले तेव्हा शिपाई नामदेवभाऊ पात्रं खोक्यात भरत होते आणि सर खांद्यावरची शाल न काढता बेसिनपाशी शेवटचं चंचुपात्र घासत होते. बोरकर सर दारात उभे होते, घड्याळ बघत.

"सर, हा काचेचा कचरा तेवढा घरी नेता का? नाहीतर नामदेव भंगारात टाकेल."

सरांनी पाण्याचा नळ बंद केला. हात पुसले.

"घरी उत्तरेची खिडकी आहे, साहेब," ते म्हणाले. "ऊन येत नाई. तिथं नेऊन काय करू यांले?"

उन्हाला शिव्या देऊ न देणारा हा माणूस इतकी वर्षं ऊन न येणाऱ्या घरात राहत होता, हे मला त्या क्षणी कळलं. बोरकर सरांनी ते ऐकलं की नाही ते माहीत नाही. त्यांनी नामदेवभाऊंना मान हलवून खूण केली. नामदेवभाऊंनी कठड्याखाली पोतं धरलं. सर खिडकीकडे पाठ करून उभे राहिले आणि शालीच्या टोकाने आधीच कोरडं झालेलं पात्र पुसू लागले.

मी मान खाली घातली. हे मला चांगलं जमतं. मनात म्हटलं, सिंदी. नामदेवभाऊंनी पोत्याचं तोंड उघडलं. तुळजापूर, सेलू रोड. बाहेरून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. वरुड. बोरकर सर म्हणाले, "आटपा लवकर." सेवाग्राम. नामदेवभाऊंचा हात ओळीतल्या पहिल्या काचेवर पडला आणि तिचा तपकिरी उजेड टेबलावरून नाहीसा झाला. वर्धा.

"थांबा, नामदेवभाऊ," मी म्हणाले, इतक्या मोठ्याने की बाहेरचा आवाजही थांबला. "ती पयली काच बोरकर सरांची आहे. पोत्यात नका टाकू. त्यांच्या हातात द्या."